गणिताचा कागद जगापुढे

शिक्षक फळ्यावर अपूर्णांक लिहितो तेव्हा त्याला कसलीच अडचण पडत नाही. आधी अंश, त्याखाली आडवी रेघ, रेघेखाली छेद. घातांक आला की खडू किंचित वर जातो. वर्गमूळ आले की चिन्हाची शेपटी हवी तेवढी लांब ओढता येते. हात मोकळा असतो आणि फळाही मोकळा असतो. परंतु हेच गणित छापावयाचे म्हटले म्हणजे अडचणींना सुरुवात होते. बोलीचे शब्द एकामागून एक येतात आणि एका ओळीत सुखाने बसतात. गणित मात्र ओळीच्या वर चढते, खाली उतरते, कंसांत शिरते, एकावर एक मजले बांधते. छापखान्यातील शिशाचे खिळे तर एका रांगेत उभे राहण्यासाठीच घडविलेले असतात. या दोहोंचा मेळ कसा घालावा हा प्रश्न मुद्रणकलेच्या आरंभापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत पाचशे वर्षे पुरला.

हा प्रश्न केवळ कारागिरीचा मानला तर त्याचे अर्धेच महत्त्व ध्यानात येईल. ज्याला गणित सुचते त्याला ते स्वतःच्या हाताने लोकांपुढे मांडता येते काय, की दुसऱ्याच्या पैशाची, यंत्राची आणि मर्जीची वाट पाहावी लागते, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

युरोपात गणिताचे पहिले ज्ञात छापील पुस्तक १४७८ साली इटलीतील त्रेव्हिसो या गावी निघाले. ते व्यापाऱ्यांसाठी लिहिलेले अंकगणित होते. अंक जुळविणे त्या मानाने सोपे. आकृत्यांचे काय करावयाचे, हे कोडे मात्र सुटलेले नव्हते. चार वर्षांनी, १४८२ साली, व्हेनिस येथे एऱ्हार्ट राटडोल्ट या जर्मन मुद्रकाने युक्लिडची भूमिती प्रथमच छापली. चारशेहून अधिक आकृत्या त्याने पानाच्या रुंद समासांत बसविल्या. त्या वेळच्या व्हेनिसच्या अधिपतीला उद्देशून त्याने अर्पणपत्रिका लिहिली आणि काही प्रतींत ती सोनेरी अक्षरांत छापली. तीत त्याने आपल्या व्यवसायाचे एक गुपित उघड केले आहे. इतके ग्रंथ छापले जात असता गणिताचे ग्रंथ इतके थोडे का, याचे कारण आकृत्या छापण्याची अडचण हेच होय, असे तो सांगतो. ज्ञान होते, वाचकही होते. ते कागदावर उतरविण्याचे साधन तेवढे नव्हते.

पुढील दोन-तीन शतकांत आज शाळकरी मुलाच्या परिचयाची असलेली चिन्हे एकेक करून छापील पानावर आली. अधिक आणि उणे यांची चिन्हे १४८९ साली लाइपझिग येथे छापलेल्या योहानेस विडमान यांच्या पुस्तकात दिसतात. दोन समांतर रेघांचे बरोबरचिन्ह वेल्समध्ये जन्मलेले रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली वापरले. अक्षराच्या डोक्यावर लहान अंक ठेवून घात दाखविण्याची आजची रीत देकार्त यांच्या १६३७ च्या भूमितीने रूढ केली. प्रत्येक नवे चिन्ह म्हणजे मुद्रकाला नवा खिळा ओतून घेण्याचा खर्च. आणि चिन्ह ओळीच्या वर किंवा खाली बसणारे असेल, तर खर्चाबरोबर जुळाऱ्याची डोकेदुखीही वाढे.

या डोकेदुखीचा परिणाम गणितावरही झाला. लायब्निट्स यांच्याइतका चिन्हांचा विचार फार थोड्यांनी केला असेल. कलनाची जी चिन्हे आज जगभर चालतात ती मुख्यतः त्यांचीच. गुणाकारासाठी साधा बिंदू आणि भागाकारासाठी एकाखाली एक असे दोन बिंदू वापरावेत, पदांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून त्यांचा गट दाखविण्यापेक्षा कंस घालावा, असा त्यांचा कल होता. असे केले म्हणजे समीकरण एका ओळीत राहते आणि जुळारीही सुखी होतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात डी मॉर्गन यांनी १८४५ साली अपूर्णांकासाठी तिरप्या रेघेची सूचना केली आणि १८८० मध्ये स्टोक्स यांनी ती प्रत्यक्ष वापरली. आज वहीत आपण सहज तिरपी रेघ मारून अर्धा लिहितो. त्या रेघेचा प्रसार होण्यामागे जुळाऱ्याच्या सोयीचा मोठा वाटा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

साधन नसले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी जवळचे आहे. गोव्यात छापखाना १५५६ साली आला. हिंदुस्थानातील तो पहिलाच. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. त्याची भाषा मराठी, छंद ओवीचा. लिपी मात्र रोमन. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते म्हणून मराठी ओवीला परक्या लिपीचा पोशाख घालून लोकांपुढे यावे लागले. पुढे मराठीला देवनागरी खिळे मिळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत शिळाछापही आली. शिळाछापेत हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे उमटत असल्यामुळे लेखणीला जे जमते ते सर्व छापता येई. परंतु सुबक, स्वस्त आणि मोठ्या संख्येने ग्रंथ काढावयाचे तर खिळ्यांवाचून गत्यंतर नव्हते. जी अडचण भाषेला आली तीच गणिताला येत होती. भाषेची एकदा सुटली. गणिताची मात्र प्रत्येक समीकरणागणिक पुन्हा उभी राहत होती.

विसाव्या शतकात नाशिकजवळच्या देवळालीस एक शाळामास्तर राहत होते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. परंतु अंकांचा नाद अखंड. एखादी चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सगळे अंक मात्र एकच नसावेत. ते अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. ८७३० मधून ०३७८ गेले की ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. येथून पुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ च येत राहतात. संख्या कोणतीही घ्या, फार तर सात पायऱ्यांत हाच मुक्काम गाठला जातो. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत सांगितला. आज तो कापरेकर स्थिरांक म्हणून जगात ओळखला जातो.

कापरेकरांचे पुष्कळसे लेखन लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने निघाले आणि त्यांतील अनेक त्यांनी खासगी रीतीने छापून घेतल्या. ‘स्वयंभू’ संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ साली देवळालीसच निघाली. मान्यवर नियतकालिकांचे दार नेहमी उघडत नसे, तेव्हा त्यांनी स्वतःचे लहानसे दार बांधले. १९७५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे मास्तर एकाएकी जगाला माहीत झाले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. निवृत्तिवेतन पुरत नसल्यामुळे ते शिकवण्याही करीत असत.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कापरेकरांच्या गणिताला मुख्यतः दहा अंक आणि थोडी साधी चिन्हे पुरत. असे खिळे कोणत्याही गावच्या छापखान्यात सापडतात. त्यांच्याच जागी कलनावर किंवा श्रेढींवर काम करणारा एखादा शिक्षक असता, तर त्याला पुस्तिका छापवून घेणे परवडले असते काय? नाशिक असो, बेळगाव असो की इंदूर असो, गावातल्या छापखान्यात संकलनाची लांब चिन्हे, ग्रीक अक्षरे आणि तीन मजली अपूर्णांक कोठून आणावयाचे?

मोठ्या छापखान्यांतही हे काम अवघडच समजले जाई. इंग्रजी मुद्रणव्यवसायात गणिताच्या हस्तलिखिताला ‘दंडाची प्रत’ अशा अर्थाचे नाव होते, कारण त्याच्या जुळणीला जादा दर मोजावा लागे. अपूर्णांकाचा एकेक मजला वेगळा जुळवावयाचा, मध्ये पितळी रेघ घालावयाची, भोवतालची पोकळी बारीक पट्ट्यांनी भरावयाची, आणि मुद्रित तपासताना एखादा घातांक चुकलेला निघाला की सगळी इमारत उतरवून पुन्हा उभारावयाची. मोनोटाइप यंत्रांनी या कामाला बरीच गती दिली, तरी शेवटचा हात कुशल कारागिराचाच असे. १९६० नंतर शिशाची जागा हळूहळू छायाजुळणीने घेतली. ती स्वस्त होती, पण गणिताची शोभा तिच्यात उतरेना. अनेक नियतकालिके आणि पुस्तके तर टंकलेखन यंत्रावरच तयार होऊ लागली. टंकलेखक चिन्हांच्या जागा मोकळ्या सोडी आणि लेखक त्या शाईने भरून काढी. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकापेक्षा नवे पुस्तक कुरूप दिसावे, अशी विचित्र स्थिती आली.

या कुरूपतेचा एका माणसाला फार त्रास झाला, आणि त्याच्या त्रासातून सगळ्या जगाचा लाभ झाला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांनी संगणकविद्येवर एक बहुखंडी ग्रंथ लिहावयास घेतला होता. त्याचे पहिले तीन खंड १९६८, १९६९ आणि १९७३ साली निघाले. ते जुन्या रीतीने, शिशाच्या खिळ्यांनी जुळविलेले होते. दुसऱ्या खंडाची सुधारलेली आवृत्ती निघावयाची होती आणि तिची मुद्रिते १९७७ च्या मार्चअखेर नूथ यांच्या हाती आली. जुळणी नव्या पद्धतीची होती. पाने पाहून त्यांचे मन विटले. इतकी वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ अशा वेषात लोकांपुढे जावा, हे त्यांना सहन होईना.

त्याच वर्षाच्या आरंभी त्यांनी एका नव्या अंकीय जुळणीयंत्राचे काम पाहिले होते. त्या यंत्रावर पान म्हणजे अतिसूक्ष्म ठिपक्यांची मांडणी असते. ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजेच एक किंवा शून्य. नूथ यांच्या ध्यानात आले की आता अक्षरकलेचा प्रश्न धातूचा राहिलेला नाही. तो शून्य आणि एक यांचा, म्हणजे आपल्याच विद्येचा झाला आहे. मे महिन्यात त्यांनी कामाचा आराखडा लिहून काढला. एका वर्षाच्या रजेत काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा वर्षांच्या आसपास काळ लागला. अक्षरांची घडण कशी असते हे समजून घेण्यासाठी त्यांनी हर्मान त्साफ यांच्यासारख्या अक्षररचनाकारांबरोबर काम केले. दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती त्यांनी आपल्याच पद्धतीने जुळवून १९८१ साली काढली, आणि त्यानंतरही अक्षरांवरून हात फिरविण्याचे काम त्यांनी थांबविले नाही.

या पद्धतीचे नाव ‘टेक’. हे नाव ग्रीक अक्षरांवरून घेतलेले असून कला आणि कौशल्य या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचे नाते आहे. तिची मूळ कल्पना कोणत्याही शिक्षकाला चटकन पटेल अशी आहे. शिक्षक मुलांना समीकरण तोंडी सांगतो तेव्हा तो काय म्हणतो? ‘अपूर्णांक, अंशात एक, छेदात क्ष चा वर्ग.’ दोन दिशांनी पसरलेले चित्र तो शब्दांच्या एका ओळीत घालतो आणि ऐकणारा मुलगा ते पुन्हा वहीत दोन दिशांनी मांडतो. नूथ यांनी संगणकाला त्या मुलाच्या जागी बसविले. लेखकाने साध्या कळफलकावर, एका तिरप्या खुणेपुढे, ‘अपूर्णांक’, ‘मूळ’, ‘बेरीज’ अशा अर्थाचे छोटे इंग्रजी शब्द लिहावयाचे. अंतर किती सोडावे, रेघ किती लांब ओढावी, घातांक किती लहान करावा, हे सारे यंत्राने ठरवावयाचे. प्रत्येक अक्षर ही एक पेटी आणि पेट्यांच्या मध्ये ताणता-आवळता येणारा डिंक, अशी त्याची रचना आहे. ओळ कोठे तोडावी हे ठरविताना ही पद्धत एकट्या ओळीकडे पाहत नाही. सगळा परिच्छेद ध्यानात घेऊन निर्णय करते. चांगला जुळारी अनुभवाने जे करीत असे, ते येथे हिशेबाने केले जाते.

नूथ यांनी हे सर्व काम लोकांना मोफत देऊन टाकले, ही त्यातील मोठी गोष्ट. १९८६ साली पाच खंडांत त्यांनी त्याचा तपशील अक्षरन् अक्षर प्रसिद्ध केला. चूक दाखवून देणाऱ्यास दोन डॉलर छप्पन्न सेंटांचा धनादेश देण्याची रीत त्यांनी ठेवली, आणि ज्यांना असे धनादेश मिळाले त्यांतील पुष्कळांनी ते न वटविता जपून ठेवले. या पद्धतीच्या आवृत्तीचा क्रमांकही गंमतीचा आहे. दुरुस्ती झाली की त्यात एक अंक वाढतो आणि तो क्रमांक वर्तुळाच्या पाय या गुणोत्तराच्या अधिकाधिक जवळ जातो. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक पायच करावा आणि मग कोणी काही बदलू नये, अशी त्यांची इच्छा आहे.

१९८० नंतरच्या काळात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ‘टेक’वर ‘लेटेक’ नावाची अधिक सुलभ रचना उभारली आणि गणिती व पदार्थविज्ञानी लोकांची ती जणू मातृलिपीच झाली. समीकरण आता साध्या अक्षरांत लिहिता येत असल्यामुळे ते तारेवरून पाठविताही येऊ लागले. १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी एक साठा उघडला. संशोधकांनी आपले लेख त्यात ठेवावेत आणि कोणीही ते मोफत वाचावेत, अशी ती व्यवस्था होती. पुढे ‘अर्काइव्ह’ या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि २००१ साली कॉर्नेल विद्यापीठात गेली. या साठ्याने काय साधले हे २००२ च्या नोव्हेंबरात दिसून आले. सेंट पीटर्सबर्गचे ग्रिगोरी पेरेलमान यांनी तीत एक लेख ठेवला आणि पुढील वर्षी आणखी दोन. जवळजवळ शंभर वर्षे न सुटलेला प्वँकारे यांचा प्रश्न त्या तीन लेखांनी सोडविला. पेरेलमान यांनी ते लेख कोणत्याही नियतकालिकाकडे दिले नाहीत. जाणकारांनी काही वर्षे कसून तपासणी केली आणि सिद्धता खरी ठरली. २००६ चे फील्ड्स पदक आणि २०१० साली जाहीर झालेले दहा लक्ष डॉलरचे पारितोषिक, दोन्ही त्यांनी नाकारले.

एवढ्यात आणखी एक नवे साधन जन्मास आले होते. स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या पदार्थविज्ञानाच्या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली ‘वेब’ची कल्पना मांडली आणि १९९३ च्या एप्रिलअखेर संस्थेने ती सर्वांना खुली केली. कोणीही आपले पान लिहावे आणि जगाने ते वाचावे, असा हा मोकळा बाजार होता. परंतु योगायोग असा, की शास्त्रज्ञांच्या घरात जन्मलेल्या या साधनात समीकरणालाच जागा नव्हती. मथळा होता, परिच्छेद होता, यादी होती, अपूर्णांक नव्हता. पानांच्या भाषेत गणिताची सोय करावी असा मसुदा १९९५ साली निघाला, पण १९९७ च्या जानेवारीत जी आवृत्ती प्रमाण ठरली तिच्यात तो भाग नव्हता. राटडोल्टची तक्रार पाचशे वर्षांनी नव्या वेषात पुन्हा दारात उभी राहिली.

ज्यांना आपल्या पानावर गणित मांडावयाचे होते त्यांनी मग मिळेल ती वाट धरली. पहिली वाट चित्रांची. लीड्स विद्यापीठातील निकोस द्राकोस यांनी अशी योजना केली, की ‘लेटेक’मधील मजकुराचे पान व्हावे आणि प्रत्येक समीकरणाचे एक लहानसे चित्र काढून ते मजकुरात चिकटवावे. काम भागे. परंतु अक्षरे मोठी केली तरी चित्र तेवढेच राही. ते ओळीच्या किंचित वर किंवा खाली लोंबे. त्यातील एकही अक्षर शोधता येत नसे की उचलून घेता येत नसे. दुसरी वाट सबंध लेखच छापील पानासारखा बांधून ठेवण्याची. ‘पीडीएफ’ ही रीत १९९३ साली आली आणि आजही विद्वानांचे लेख बहुधा तिच्यातच असतात. छापण्यास ती उत्तम. लहान पडद्यावर वाचताना मात्र पान सारखे इकडेतिकडे सरकवावे लागते.

तिसरी वाट राजमार्गाची. १९९८ च्या एप्रिलमध्ये वेबच्या जागतिक मंडळाने ‘मॅथएमएल’ नावाची गणिताची स्वतंत्र खूणभाषा प्रमाण म्हणून जाहीर केली. तीत समीकरणाच्या प्रत्येक अवयवाला, म्हणजे अंकाला, अक्षराला, चिन्हाला आणि ओळीला, आपापले नाव असते. रचना निर्दोष, पण एक साधा अपूर्णांक लिहावयास कित्येक ओळी लागत, म्हणून हाताने ती कोणी लिहीना. शिवाय पान दाखविणारे ब्राउझर ती समजून घेण्यास तयार हवेत. फायरफॉक्स आणि त्याच्या घराण्याने ती लवकर आत्मसात केली. क्रोमच्या एका आवृत्तीत २०१३ च्या जानेवारीत ती आली आणि लगेच पुढच्या आवृत्तीत काढून टाकली गेली. ती पुन्हा आली २०२३ च्या जानेवारीत. नियम जाहीर झाल्यापासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत पाळला जाईपर्यंत जवळजवळ पंचवीस वर्षे गेली.

लोक मात्र पंचवीस वर्षे थांबून राहिले नाहीत. अमेरिकेतील युनियन कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक डेव्हिड सर्व्होनी यांनी २००४ च्या सुमारास एक युक्ती काढली. लेखकाने पानावर ‘लेटेक’च्याच साध्या खुणा लिहाव्यात, पान उघडताच त्यासोबत आलेल्या छोट्या कार्यक्रमाने त्या वाचून जागच्या जागी समीकरण जुळवावे. जुळारी छापखान्यात न बसता वाचकाच्या घरी येऊन बसला, असेच म्हणावयाचे. या कामातून गणितसंस्थांच्या पाठबळाने २०१० साली ‘मॅथजॅक्स’ हे साधन तयार झाले, आणि २०१४ साली खान अकॅडमीने ‘केटेक’ नावाचे त्याहून चपळ साधन दिले. दोन्ही मोफत आहेत. पानाच्या आरंभी एक-दोन ओळी घातल्या की अपूर्णांक, संकलन, सारणी, जे हवे ते स्वच्छ अक्षरांत उमटते, मोठे केले तर मोठे होते आणि लहान पडद्यावरही वाचता येते.

या सबंध इतिहासात दृष्टीचाच विचार झाला, असे कोणास वाटेल. ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे गणिताचा कागद कसा मांडावयाचा? या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिले ते टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. दुसऱ्यांकडून पुस्तके वाचून घेत त्यांनी पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात गणिताची पदवी घेतली, पुढे मुंबईच्या आयआयटीत शिक्षण केले आणि १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध सादर केला. ‘लेटेक’मध्ये लिहिलेला लेख वाचून समीकरणे बोलून दाखविणारी पद्धत हा त्या प्रबंधाचा विषय होता. घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत जातो. समीकरण लांबलचक असले तर ऐकणाऱ्याला आधी त्याचा सांगाडा ऐकता येतो आणि मग हव्या त्या भागात शिरता येते, जसा डोळस वाचक प्रथम सगळे पान पाहतो आणि मग एका पदावर नजर ठेवतो. आपल्या सोबतीच्या वाटाड्या कुत्रीच्या नावाशी जुळेल असे ‘ॲस्टर’ हे नाव त्यांनी या पद्धतीला दिले.

हे शक्य कशामुळे झाले? नूथ यांनी समीकरणाचे चित्र साठविले नव्हते. त्याची रचना शब्दांत लिहिण्याची सोय केली होती. चित्र मुके असते, रचना बोलू शकते. म्हणून आपल्या पानावर गणित मांडणाऱ्याने सोयीसाठी नुसते छायाचित्र चिकटवू नये, यामागे एका माणसाच्या आयुष्याचा अनुभव आहे. ‘मॅथजॅक्स’मध्येही पुढे समीकरण बोलून दाखविण्याची सोय करण्यात आली.

देवनागरीही या प्रवासात मागे राहिली नाही. हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स व्हेल्तहाउस यांनी १९९१ साली ‘टेक’साठी देवनागरी अक्षरे आणि ती जुळविण्याची रीत तयार केली. पुढे युनिकोडची संकेतपद्धती सर्वत्र रूढ झाली आणि आज एकाच पानावर मराठी विवेचन आणि गणिताची चिन्हे शेजारी शेजारी बसतात. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, पणजी, कोठेही राहणाऱ्या शिक्षकाला एखाद्या प्रमेयाची सोपी सिद्धता सुचली, तर ती आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, दंडाचा दर न भरता त्याच रात्री जगापुढे ठेवता येते.

कागद पुढे ठेवणे म्हणजे तो खरा ठरणे नव्हे, हेही विसरता कामा नये. पेरेलमान यांचे लेख कोणालाही वाचता आले, परंतु ते मान्य झाले ते जाणकारांनी ओळ न् ओळ पडताळल्यावर. पूर्वी जुळणीचा खर्चच पुष्कळसे अपक्व लेखन अडवून धरीत असे. ती चाळणी आता उरलेली नाही. म्हणून लिहिणाऱ्याने स्वतःचे मुद्रित स्वतःच दोनदा तपासावे आणि वाचणाऱ्याने पेन्सिल हाती धरून वाचावे. कापरेकरांच्या पुस्तिकांकडे एके काळी कित्येकांनी दुर्लक्ष केले. परंतु ज्याने ती वजाबाकी स्वतः करून पाहिली त्याला शंका उरली नाही, कारण उत्तर प्रत्येक वेळी ६१७४ च येत होते.